नाकपुडी उघडी कोण ठेवतं?

सात वर्षांपूर्वीच्या आषाढात एका सकाळी चूळ भरताना तोंडातलं पाणी डाव्या बाजूने आपोआप गळलं. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची डावी बाजू उतरलेली. आयुर्वेदात ज्याला अर्दित म्हणतात आणि आजचे डॉक्टर बेल्स पाल्सी म्हणतात तो चेहऱ्याचा लकवा. मेंदूला काही झालेलं नाही, सातव्या मज्जातंतूला सूज आहे, बहुतेक भरून येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ते पुष्कळसं खरंही ठरलं. मिटत नसलेल्या डोळ्यावर रात्री पट्टी, दिवसा थेंब, तोंडासाठी व्यायाम. डोळ्याची आणि तोंडाची चौकशी येणारा-जाणारा प्रत्येक जण करायचा. मला झोपू देत नव्हतं ते मात्र नाक. सर्दीचा पत्ता नसताना डावी नाकपुडी बंद पडली होती. जरा जोराने श्वास घेतला की तिची बाहेरची भिंत आत ओढली जाऊन मधल्या पडद्याला चिकटायची, ओल्या कागदी पिशवीसारखी. गालावर बोट टेकवून कातडी कानाकडे ओढली की लगेच मोकळं वाटायचं. तपासणीच्या वेळी मी हे सांगितलं. "त्याचा याच्याशी काय संबंध? पावसाळा आहे, नाक चोंदतंच," असं उत्तर मिळालं.

मी पेशाने प्रुफं वाचणारी. वैद्यकाचं शिक्षण नाही, पण आयुर्वेदाची आणि शरीरशास्त्राची पाठ्यपुस्तकं पंचवीसेक वर्षं ओळ न् ओळ तपासली आहेत. अशा वाचनातून ज्ञान येत नाही, नावं मात्र डोक्यात बसतात. संबंध काय, हा प्रश्न म्हणून मनातून जाईना. नाकाला स्नायू असतात का? असतील तर किती, आणि ते काय करतात? पुस्तकं उघडली तेव्हा कळलं की या प्रश्नाचं उत्तर द्यायला माणसाला दोन हजार वर्षं लागली आहेत.

आधी नकाशा सांगते. भुवयांच्या मधोमध, नाकाच्या मुळाशी एक छोटा उभा स्नायू असतो, त्याचं नाव प्रोसेरस. तो आकसला की भुवयांमधली कातडी खाली येते आणि तिथे आडवी वळी पडते. नाकाच्या दांड्यावरून आडवा पसरलेला आणि वरच्या जबड्यापासून निघालेला तो नेझॅलिस. त्याचे दोन भाग: आडवा भाग नाक दाबतो, तर खालचा, नाकपुडीच्या भिंतीपर्यंत पोचणारा भाग तीच भिंत बाहेर ओढून धरतो. पुढच्या दातांच्या वर उगम पावून नाकाच्या पडद्याच्या खालच्या टोकाला चिकटणारा एक आहे, तो शेंडा खाली ओढतो. नाकाच्या कडेने वरून खाली येणाऱ्या एका चिंचोळ्या पट्टीचं नाव आहे लेव्हेटर लेबिआय सुपीरिऑरिस अलीक्वे नेझाय, म्हणजे वरचा ओठ आणि नाकपुडी उचलणारा. शरीरातल्या सगळ्यांत लांब नावाच्या स्नायूंत हा मोडतो आणि त्याचं मुख्य काम नाक मुरडणं हे आहे. आपण कोणाकडे पाहून नाक मुरडतो तेव्हा एवढं लॅटिन खर्ची पडत असतं! याशिवाय नाकपुडीच्या कडेला आणखी एकदोन बारीक धागे आहेत. त्यांना वेगळे स्नायू म्हणायचं की नेझॅलिसचेच फाटे, यावर जाणकारांचं आजही एकमत नाही.

एकमत नसण्याचं कारण या स्नायूंच्या घडणीतच आहे. दंडाचा किंवा पोटरीचा स्नायू एका हाडावरून दुसऱ्या हाडावर जातो आणि त्याला स्वतःचं वेष्टन असतं. चेहऱ्याचे स्नायू हाडावर उगवतात खरे, पण संपतात कातडीत. वेष्टन जवळजवळ नाही. त्यातून नाकाच्या शेंड्यावरची कातडी जाड आणि खालच्या कूर्चेला घट्ट धरून बसलेली. शवविच्छेदन करणारा कातडी सोलायला जातो तेव्हा धागे कातडीबरोबर निघून येतात. उरतं ते फिकट, विस्कटलेलं, ज्याने त्याने आपापल्या परीने मोजावं असं.

सुश्रुताने मोजणी केली आहे. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात तो शरीरात एकूण ५०० पेशी, म्हणजे आपल्या भाषेत स्नायू, सांगतो. हातापायांत ४००, धडात ६६ आणि मानेपासून वर ३४. या ३४ ची वाटणीही त्याने दिली आहे. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना ८, कपाळावर ४, गालांना ४, डोळ्यांना २, कानांना २ आणि नाकाला २. प्रुफं वाचताना मी ही बेरीज कितीदा तरी करून पाहिली होती, कारण अशा याद्यांत एखादा आकडा हमखास गळतो. बेरीज बरोबर येते. नाकाला दोनच का, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

याच अध्यायात प्रेत तपासायची रीत दिलेली आहे. देह गवतात वा सालीत गुंडाळायचा, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यायचा आणि मग वाळा, केस किंवा बांबू यांच्या कुंचीने हलके हलके घासत एकेक थर पाहायचा. मांडीचे आणि पाठीचे स्नायू अशा घासण्याने सुटे दिसत असतील. नाकावरच्या कागदासारख्या पातळ धाग्यांचं सात रात्रींनंतर काय उरत असेल, याची कल्पना करून पाहावी. डावा-उजवा मिळून दोन, एवढीच नोंद त्याच्या हाती लागली, ती या रीतीमुळे असावी असं माझं अनुमान आहे. नाकाच्या बाबतीत सुश्रुताचं निरीक्षण कमी पडलं असं म्हणायला मी धजणार नाही. कापलेलं नाक गालाच्या कातडीतून पुन्हा कसं घडवायचं, हे त्यानेच लिहून ठेवलं आहे. त्यातली एक सूचना पुढे आपल्याला लागेल: नवं नाक बसवल्यावर त्यात दोन नळ्या घालाव्यात.

प्रेताकडे पाहणाऱ्याला दोन दिसले. जिवंत चेहऱ्याकडे पाहणाऱ्या भरताला सहा दिसल्या, स्नायू नव्हेत, हालचाली. नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायात नाकाच्या सहा अवस्था सांगितल्या आहेत: नता, मंदा, विकृष्टा, सोच्छ्वासा, विकूणिता आणि स्वाभाविकी. नतेमध्ये पुड्या पुन्हा पुन्हा मिटतात, हुंदके देऊन रडणाऱ्या माणसाच्या मिटतात तशा. विकृष्टेत त्या फुलतात, रागात, भयात, उग्र वास आला असता. विकूणिता म्हणजे आकसलेलं नाक, किळसेचं. सोच्छ्वासेत हवा आत ओढलेली, सुवास घेताना. मंदा आणि स्वाभाविकी या शांत. मराठीत गोदावरी केतकरांच्या अनुवादामुळे हे सहज वाचता येतं, तरी वाचक या भागावरून घाईने पुढे जातो, कारण रसचर्चेपुढे नाकपुड्यांची यादी किरकोळ वाटते. मला ती किरकोळ वाटत नाही. नटाला नाकपुडी मिटणं, फुलवणं आणि आकसणं वेगवेगळं शिकवता येतं, याचा अर्थ ती वेगवेगळ्या दोऱ्यांनी बांधलेली आहे. भरताने दोऱ्या पाहिल्या नाहीत. पण बाहुली कशी हलते हे त्याने इतकं नीट टिपलं की दोऱ्या किती असाव्यात याचा अंदाज त्यावरून बांधता यावा.

दोऱ्या शोधायचं काम युरोपात झालं. व्हेसेलियसच्या १५४३ च्या ग्रंथाने स्नायूंचं चित्रण कायमचं बदलून टाकलं, पण चेहऱ्याच्या बारीक स्नायूंची खरी उकल त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी व्हेनिसमध्ये झाली. जोव्हान्नी दोमेनिको सांतोरिनी याने १७२४ मध्ये आपली शारीर निरीक्षणं प्रसिद्ध केली. हा माणूस बारकाव्याचा होता. ओठाचा कोपरा बाजूला ओढणाऱ्या स्नायूला 'हसणारा' असं नाव देणारा तोच, आणि प्रोसेरस हे नावही त्याच्याकडेच जातं. लॅटिनमध्ये प्रोसेरस म्हणजे उंच, शेलाटा. इतक्या चिमुकल्या स्नायूला उंच म्हणणाऱ्याने तो किती जवळून पाहिला असेल!

लायडनचा बर्नहार्ड अल्बिनस हा दुसरा. त्याने १७३४ मध्ये मानवी स्नायूंचा इतिहास लिहिला आणि १७४७ मध्ये यान वांडेलारने काढलेल्या चित्रांचा भव्य संच काढला. या संचातल्या दोन चित्रांत सोललेल्या मानवी देहामागे एक गेंडा शांतपणे चरतो आहे. ती बंगालमधून १७४१ साली हॉलंडला नेलेली क्लारा नावाची मादी. तिची तिथे काय गरज, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. नाकावर शिंग असलेला प्राणी नाकाचे धागे उलगडणाऱ्या ग्रंथात यावा, हा योगायोग मला तरी आवडतो.

पुढचं शतक नावांच्या गोंधळाचं. एकाच धाग्याला इटालियन एक म्हणे, जर्मन दुसरं, फ्रेंच तिसरं. प्रोसेरसलाच पुष्कळ जण नाकाचा पिरॅमिड म्हणत. शरीरशास्त्रात अशी जवळपास ५०,००० नावं साचली होती. १८९५ मध्ये बाझेल इथे जमलेल्या शरीरशास्त्रज्ञांनी ती छाटून सुमारे साडेपाच हजारांवर आणली. प्रुफं वाचणारी म्हणून मला या सभेबद्दल फार आदर आहे. पण नावं ठरली म्हणून काम कळलं असं होत नाही, आणि कामाच्या शोधाची वाट आपल्या पुण्याजवळून जाते.

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा मराठा शेतकरी इंग्रजी फौजेत बैल हाकायला होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला आणि मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली. (मराठा शेतकरी आणि नाव कावसजी! कानाने ऐकून रोमन लिपीत उतरवलेल्या या नावाचं मूळ रूप काय असेल, हा चाळा माझ्या धंद्यातली माणसं सोडू शकत नाहीत. नाक घडवणाऱ्याचं नाव तर पत्रात नाहीच.)

कृती पुष्कळांनी वाचलेली असते: मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर नाकाच्या आकारात बसवायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची, भुवयांमधला दांडा जोडलेला ठेवून ती पीळ देऊन खाली फिरवायची. वर कात लावलेल्या फडक्याचे थर. पाचसहा दिवस उताणं निजायचं, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास दांडा कापायचा. या वर्णनावर लिहिणारे बहुतेक सगळे कपाळावरच्या कातडीपाशी थांबतात. माझी नजर अडकली ती दहाव्या दिवसाच्या नोंदीपाशी. नाकपुड्या पुरेशा उघड्या राहाव्यात म्हणून त्या दिवशी त्यांत मऊ कापडाचे तुकडे घालतात, असं पत्र सांगतं. सुश्रुताच्या दोन नळ्या, पुण्याच्या कारागिराचं मऊ फडकं. दोघांनाही अनुभवाने कळलं होतं की नाकाचा आकार देणं एक आणि नाकपुडी उघडी राहणं दुसरं. जखम भरताना कातडी आकसते हे त्याचं एक कारण. दुसरं असं की कपाळाच्या कातडीने बनवलेल्या नाकपुडीला बाहेर ओढून धरणारं कोणी नसतं. आकार परत येतो, धागे येत नाहीत. कावसजीचं नवं नाक लोकांत मिरवण्यासारखं झालं, पण ते रागाने फुललं नसणार आणि किळसेने आकसलंही नसणार.

हे पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने वीस वर्षं विचार केला, प्रेतांवर सराव केला आणि १८१४ च्या ऑक्टोबरात एका लष्करी अधिकाऱ्यावर हीच क्रिया केली. १८१६ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि 'भारतीय पद्धत' युरोपभर गेली. त्याच लंडनमध्ये, त्याच वर्षांत, नाकपुडीच्या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला चार्ल्स बेल बसला होता.

बेल शस्त्रवैद्य होता, आणि हात चित्रकाराचा. १८०६ मध्ये त्याने चित्रकारांसाठी भावदर्शनाच्या शरीरशास्त्रावर पुस्तक लिहिलं. मरणासन्न माणसाच्या, दौडून आलेल्या घोड्याच्या, संतापलेल्या योद्ध्याच्या नाकपुड्या सारख्याच का फुलतात, हा प्रश्न त्याच्या डोक्यात तेव्हापासून होता. १८२१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याने एका गाढवावरचा प्रयोग मांडला. गाढवाला आडवं पाडून त्याचं नाक काही क्षण दाबून धरलं. सोडल्यावर ते धापा टाकू लागलं आणि प्रत्येक श्वासाला नाकपुड्या फुलू लागल्या. मग एका बाजूचा, चेहऱ्याकडे येणारा मज्जातंतू कापला. त्या बाजूची नाकपुडी तत्क्षणी थांबली. दुसऱ्या बाजूची मात्र छातीच्या तालावर फुलत-मिटत राहिली.

हे वर्णन प्रथम वाचलं त्या रात्री मला त्या गाढवाबद्दल जे वाटलं त्याला सहानुभूती म्हणणं अपुरं आहे. भूल देण्याची सोय अजून पंचवीस वर्षं दूर होती, आणि अशा प्रयोगांची घृणा खुद्द बेललाही होती. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं. संबंध काय, तर हा. नाकपुडी कूर्चेच्या बळावर नुसती उघडी राहत नाही. श्वासागणिक तिला कोणीतरी धरून ठेवतं, आणि त्या धरणाऱ्याला हुकूम नेणारी तार माझ्या डाव्या गालात सुजली होती.

बेलने यावरून जो सिद्धान्त काढला तो जरा फार पुढे गेला. हा मज्जातंतू म्हणजे चेहऱ्याचा श्वसनाचाच मज्जातंतू, असं त्याने ठरवून टाकलं. पाचवा मज्जातंतू कापल्यावर गाढव ओठांनी दाणे उचलेना, तेव्हा खाण्यासाठी ओठ हलवणारा तो पाचवा, असंही तो म्हणाला. हर्बर्ट मेयोने लवकरच दाखवून दिलं की गाढवाच्या ओठांतली संवेदना गेली होती. दाणे ओठाला लागतात हेच त्याला कळत नव्हतं. फ्रान्समध्ये माजाँदीशी बेलचा वाद पेटला तो निराळा आणि कडवट, त्यात आपण शिरायला नको. सातव्याला श्वसनाचा मज्जातंतू म्हणणं मागे पडलं, आजाराला मात्र बेलचं नाव चिकटलं.

पॅरिसमध्ये द्युशेनने उलटी वाट धरली. तार कापण्याऐवजी त्याने तारेत वीज सोडली. चेहऱ्याची संवेदना गेलेला एक दात पडलेला म्हातारा त्याला मिळाला होता. त्याच्या एकेका स्नायूवर विजेची टोकं ठेवून द्युशेनने तो एकटा आकसायला लावला, आणि १८६२ मध्ये हे प्रयोग छायाचित्रांसह प्रसिद्ध केले. काही छायाचित्रं प्रसिद्ध छायाचित्रकार नादारचा धाकटा भाऊ आद्रियँ तूर्नाशाँ याच्या मदतीने काढलेली. सुश्रुताच्या कुंचीला आणि सांतोरिनीच्या सुरीला जे जमलं नाही ते इथे झालं. कुजलेला वा फाटलेला धागा मोजायचा नव्हता, जिवंत धागा स्वतःच हजेरी देत होता. पण द्युशेनला एवढ्याने समाधान नव्हतं. प्रत्येक स्नायूला त्याने एकेक मनोविकार वाटून दिला. प्रोसेरस आक्रमकतेचा, नाकावरचा आडवा स्नायू कामुकतेचा! भरताने एका हालचालीला अनेक प्रसंग दिले होते. द्युशेनने एका धाग्याला एक विकार दिला, आणि तिथे तो घसरला असं मला वाटतं.

डार्विनने १८७२ च्या भावदर्शनावरच्या ग्रंथात द्युशेनची छायाचित्रं वापरली आणि बेलचं ऋण मान्य केलं. नाकाशी त्याचं नातं अधिक जुनं होतं. 'बीगल' जहाजाचा कप्तान फिट्झरॉय चेहऱ्यावरून स्वभाव ओळखता येतो असं मानणारा. डार्विनच्या नाकाचा आकार पाहून, या माणसात सफरीला लागणारी जिद्द नसावी, असं त्याला वाटलं आणि डार्विन त्या प्रवासाला मुकता मुकता राहिला, असं खुद्द डार्विननेच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

विसाव्या शतकात हे धागे पुन्हा श्वासाकडे परतले. नाकातली सगळ्यांत अरुंद जागा नाकपुडीच्या थोडी आत असते. डच डॉक्टर मिंक यांनी १९०३ मध्ये तिला झडप म्हटलं. नाकातून आत येणाऱ्या हवेला सर्वांत जास्त अडथळा याच भागात होतो, त्यामुळे तिथली भिंत थोडीशी जरी आत झुकली तरी श्वास जड होतो. स्नायूंतले विजेचे सूक्ष्म स्पंद मोजायची साधनं आली तेव्हा दिसलं की नाकपुडी उघडणारा स्नायू हवा आत यायला लागण्याच्या किंचित आधीच कामाला लागतो, पाहुणा दाराशी पोचण्याआधी कोणी कडी काढून ठेवावी तसा. गाल ओढल्यावर मला मोकळं वाटायचं, त्या साध्या युक्तीला शिकागोच्या मॉरिस कॉटल यांचं नाव असल्याचंही याच वाचनात कळलं.

लहान मुलांच्या डॉक्टरांना हे धागे पाठ्यपुस्तकाआधी ठाऊक होते. तान्हं मूल मुख्यतः नाकाने श्वास घेतं. फुप्फुसं अडचणीत आली की त्याच्या नाकपुड्या फेंदारतात. सिल्व्हरमन आणि अँडरसन यांनी १९५६ मध्ये नवजात बालकाच्या श्वासाची तपासणी पाच खुणांत बसवली. त्यांतली एक नाकपुड्यांचं फुलणं ही आहे, आणि तिला कोणतंही यंत्र लागत नाही.

दुसरीकडे याच स्नायूंना नको झालेले पाहुणे समजणारा एक बाजारही उभा राहिला आहे. भुवयांमधली वळी जावी म्हणून प्रोसेरसमध्ये बोटॉक्स टोचून त्याला काही महिने झोपवतात. द्युशेनची आक्रमकता एका सुईत शांत होते! हसताना नाकाचा शेंडा खाली येतो म्हणून पडद्याखालचा स्नायू काही शस्त्रक्रियांत सोडवून टाकतात. धावणारे आणि खेळाडू नाकावर चिकटपट्टी लावतात. तिच्यातली स्प्रिंग नाकपुडीच्या भिंती बाहेर ओढते, म्हणजे नेझॅलिसचंच काम बाहेरून करते. पुण्याच्या कारागिराने फडकं आतून घातलं होतं, एवढाच फरक.

माझा चेहरा चार महिन्यांत बराचसा परत आला. आधी पापणी, मग ओठाचा कोपरा, नाकपुडी सर्वांत शेवटी. डावी आजही उजवीपेक्षा किंचित उशिरा फुलते. आरशासमोर उभं राहून, जिना चढून आल्यावर, मी ते पाहते. मागच्या वर्षी एका पाठ्यपुस्तकाच्या प्रुफात या लकव्याच्या लक्षणांची यादी आली: डोळा न मिटणे, गालात घास साचणे, लाळ गळणे, कपाळाला आठी न पडणे. नाकपुडीचा उल्लेख नव्हता. प्रुफं वाचणाऱ्याने मजकुरात भर घालायची नसते, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि लेखकांसाठी चिठ्ठी जोडली. पुस्तक छापून आलं तेव्हा यादीत पाचवं लक्षण होतं.